स्तनाचा कॅन्सर, एकमेकींची सोबत आणि संशोधनाच्या बातम्या: नाशिकमध्ये आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही जणी महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकीला कधी ना कधी स्तनाचा कॅन्सर झालेला आहे. कुणाचे उपचार संपून बरीच वर्षं झाली, कुणाचं आता तिसरं सलाईन चालू आहे. ओपीडीच्या बाकावर, फोनवर, लग्नाच्या मांडवात बाजूला घेऊन आम्हाला तेच तेच विचारलं जातं. ते प्रश्न जसे आले तसे इथे ठेवले आहेत. आम्ही डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती, ऑपरेशन आधी की केमो आधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ते ठरत असताना तुम्ही गोंधळून जाऊ नये, एवढ्यासाठी ही पानं.

१. कालच रिपोर्ट आला. सगळ्यात आधी काय करू?

आधी जेवा आणि झोपा. एक-दोन आठवडे नीट समजून घेण्यात गेले म्हणून सहसा नुकसान होत नाही. दोन-तीन महिने गेले तर होतं. स्तन लाल होऊन, सुजून गरम लागत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

मग एक फाइल करा. तिच्यात मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि आयएचसीचा रिपोर्ट लावा. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात गाठीच्या पेशींवरच्या खुणा तपासलेल्या असतात: ईआर, पीआर (या दोन हार्मोनशी जोडलेल्या) आणि हर-टू (एक प्रथिन) ही तीन नावं. स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही, आणि तुमचा कुठल्या प्रकारचा ते या तिघांवरून कळतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. शेजारणीला दिलेली गोळी तुम्हाला का दिली नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घेता येतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना ते लागतात.

२. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं जाऊबाई म्हणतात. बायोप्सी करू की नको?

करा. सुईने कॅन्सर पसरतो हा समज आम्ही जवळजवळ प्रत्येक घरात ऐकला आहे, आणि त्यापायी बायकांनी मोलाचे महिने घालवलेले पाहिले आहेत. याच्या उलट केलं तर खरा धोका असतो. तपासणी न करताच ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून ती कापली जाते, नंतर कॅन्सर निघतो आणि ऑपरेशन पुन्हा करावं लागतं.

३. सगळं डॉक्टर सांगतातच. मग तुम्ही काय वेगळं करता?

ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, म्हणजे ड्रेनची, पिशवी लावून साडी कशी नेसायची, हे आम्ही सांगतो. केस जायला लागतात तेव्हा उशीवरचा पुंजका पाहून काय वाटतं, ते आम्हाला माहीत आहे. नवऱ्याने पहिल्यांदा व्रण पाहिला तो दिवस कसा गेला, हेही आमच्यातली कुणीतरी सांगू शकते.

या कामाला जुनी परंपरा आहे. अमेरिकेत टेरीस लॅसर या बाईंचा स्तन १९५२ साली काढला गेला. पुढे कसं जगायचं, हे सांगणारं कुणी त्यांना भेटलं नाही. म्हणून त्या स्वतःच नव्याने ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला दवाखान्यात जाऊ लागल्या. त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला आणि जगभर गेला. मुंबईत ‘व्ही केअर’ ही संस्था १९९४ पासून अशी सोबत देते आहे, तीही एका कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईंनीच सुरू केलेली.

आमचा नियम एकच: ‘मला असं झालं’ हे सांगायचं, ‘तू असं कर’ हे सांगायचं नाही.

४. अशा गटात आल्याने आयुष्य वाढतं का? मी तसं वाचलं होतं.

तुम्ही वाचलंत ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. १९८९ साली डेव्हिड स्पिगेल या अमेरिकन डॉक्टरांनी ८६ जणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार शरीरात पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला गटात बसत होत्या, त्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. साऱ्या जगात त्याची बातमी झाली. मग कॅनडात २३५ जणींवर तोच प्रयोग पुन्हा झाला. २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही, मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. पुढे २००७ मध्ये खुद्द स्पिगेल यांच्या नव्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि त्यांनी ते तसंच छापलं.

म्हणून आम्ही कुणालाही ‘या, म्हणजे जास्त जगाल’ असं म्हणत नाही. रात्रीची झोप आणि दुखणं थोडं हलकं होणं हेसुद्धा आम्हाला पुरेसं मोठं वाटतं.

५. मला चारचौघींत बोलता येत नाही. नुसतं बसलं तर चालेल?

चालेल. सिन्नरच्या एक मावशी चार महिने फक्त चहा पिऊन जायच्या. पाचव्या महिन्यात बोलल्या.

६. हा आजार लागतो का? मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालंय.

लागत नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणावर झोपून, बाळाला जवळ घेऊन, कशानेच नाही. केमो चालू असतानाही नाही. (औषध दिल्यावर एक-दोन दिवस संडास-लघवीनंतर दोनदा पाणी टाकायला सांगतात, ते औषधामुळे, आजार लागतो म्हणून नव्हे.)

बोलावणं बंद होण्याचं दुःख आम्हाला ठाऊक आहे. संक्रांतीला आम्ही आमचं हळदीकुंकू करतो. विधवा, सवाष्ण, केस असलेली, नसलेली, सगळ्यांना वाण मिळतं.

७. गाठ निघाली म्हणजे स्तन काढावाच लागतो का?

नाही. अमेरिका आणि इटलीतले वीस वर्षं चाललेले दोन मोठे अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. गाठ मोठी असेल, एकाहून जास्त ठिकाणी असेल किंवा रेडिएशन घेणं शक्य नसेल, तर मात्र हिशेब बदलतो.

आमच्याकडे सुरगाणा, पेठ, कळवणहून येणाऱ्या बायकांचं घोडं इथेच अडतं. रेडिएशनसाठी रोज यायचं कसं, म्हणून त्या पूर्ण स्तन काढायला तयार होतात. त्यांच्यासाठी कामाची बातमी अशी: २०२० साली ब्रिटनमधल्या सुमारे चार हजार रुग्णांच्या अभ्यासात, तीन आठवड्यांतल्या रेडिएशनच्या १५ शेकांऐवजी एका आठवड्यातल्या ५ शेकांनी पाच वर्षांपर्यंत तेवढंच काम केल्याचं दिसलं. प्रत्येकीला ते लागू होत नाही, पण ऑपरेशनआधी डॉक्टरांना ‘मला आठवड्यात होईल का?’ एवढं विचारा. आणि पूर्ण स्तन काढला तरी काखेतल्या गाठींमुळे रेडिएशन लागू शकतं, हे आधीच समजून घ्या.

८. नाशिकमध्येच उपचार घ्यावेत की टाटाला जावं?

केमो, ऑपरेशन, रेडिएशन हे तिन्ही आता नाशिकमध्ये होतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं आहेत आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सर्वांसाठी एकच आहेत. आमचं मत विचाराल तर, शंका असेल तेव्हा एकदा मुंबईला फाइल दाखवून यावं आणि महिनोन्‌महिने चालणारे उपचार घराजवळ घ्यावेत. उलट्या होत असताना कसारा घाट रोज उतरणं सोपं नाही. पुन्हा उद्भवलेला, दुर्मीळ किंवा फार तरुण वयातला आजार असेल तर मात्र मुंबईचं मत जरूर घ्या.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते आणि टाटा जिथे आहे ते परळ तिथून जवळ आहे. संध्याकाळच्या पंचवटीने परतही येता येतं.

९. पैशाचं काय? आमच्याकडे पिवळं रेशनकार्ड नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती नाही. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतात. आधी त्यांना भेटा आणि मगच भरती व्हा, कारण आधी भरलेली बिलं नंतर परत मिळवणं फार अवघड जातं. हेल्पलाइन १५५३८८.

उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के सवलत असते. सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. एसटीत तर मार्च २०२३ पासून सर्वच बायकांना निम्मं तिकीट आहे.

१०. केमोनंतर ताप आला. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. दवाखान्यात शिरताच ‘केमो चालू आहे’ हे पहिलं वाक्य. घरात थर्मामीटर असू द्या, आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

११. केमोत द्राक्षं खाल्ली तर चालतात का? आणि काय खाऊ?

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न येणारच. द्राक्षं चालतात, पण बागेतून तोडून थेट तोंडात नको. फवारणी झालेली असते, शिवाय धूळ. वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट फार खाली असतील तेव्हा कच्चं खायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा. उसाचा रस, पाणीपुरी, बाहेरची चटणी हे उपचार संपेपर्यंत विसरा.

तोंड आलं असेल तर मऊ भात, मुगाचं वरण, नागलीची पेज, ताजं ताक, केळं. मिसळ थांबू शकते. अंडी, डाळ, पनीर, ज्यातून प्रथिनं मिळतील ते रोज पोटात जाऊ द्या. साखर पूर्ण सोडली की कॅन्सर उपाशी मरतो, हे खरं नाही. त्या नादात बायका वजन घटवून बसतात आणि पुढची केमो लांबते.

१२. सोबत एखादा काढा घेतला तर काय बिघडलं?

भाजीतल्या हळदीने काही बिघडत नाही. काढे, भस्मं, हळदीच्या अर्काच्या गोळ्या यांचा यकृतावर किंवा केमोच्या औषधावर परिणाम होऊ शकतो. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावले तरी सांगा. केमो सोडून काढा, याला आमचा स्पष्ट विरोध आहे. आमच्यातल्या ज्या दोघींनी तसं केलं, त्या सहा-आठ महिन्यांनी मोठी गाठ घेऊन परतल्या.

१३. काखेतल्या गाठी काढल्या. हात सुजेल म्हणून शेतातलं काम कायमचं सोडायचं का?

नाही. पूर्वी ‘त्या हाताने कळशीसुद्धा उचलू नका’ असं सांगायचे. २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात हात सुजलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. यातला ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका आणि मग वाढवत न्या.

द्राक्षाच्या छाटणीला, कांदा काढायला जाताना त्या हातात हातमोजा घाला. कापलं, खरचटलं तर लगेच धुऊन मलम लावा. घट्ट बांगड्या आणि अंगठी दुसऱ्या हातात. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

१४. ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ अशी बातमी दर आठवड्याला येते. कुठली खरी मानू?

बातमी समोर धरून चार गोष्टी विचारा. प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की बायकांवर? किती जणींवर? कुठल्या प्रकारच्या कॅन्सरवर (प्रश्न १ मधली तीन नावं)? आणि नेमकं काय सुधारलं: गाठ लहान झाली, आजार परतायला उशीर झाला, की बायका जास्त जगल्या? पहिल्या प्रश्नालाच बहुतेक बातम्या गळतात. पेशींवर चालणारी असंख्य औषधं माणसांपर्यंत पोचतच नाहीत.

चारही उत्तरं मिळाली आणि प्रकार तुमचा असेल तर कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या भेटीतही दर वेळी एक बातमी अशी चाळून पाहतो.

१५. आपल्याकडच्या बायकांवर कुणी संशोधन करतं का, की सगळं परदेशातलंच?

करतात, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. तीन कामं सांगते, तिन्ही टाटा मेमोरियलची.

पहिलं १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालं. सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्यांना आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासून देत. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, फक्त शिकलेली बोटं. वीसहून जास्त वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्यांत तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे आजार पुढे गेलेल्या टप्प्यात सापडणारे कॅन्सर ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. आशाताई तपासणीला बोलावतात तेव्हा ‘हाताने काय कळणार’ म्हणून परत पाठवू नका, हे आम्ही या निकालाच्या जोरावर सांगतो.

दुसरं काम डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचं. ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, म्हणजे दात काढताना देतात तेच भुलीचं स्वस्त औषध. भारतातल्या ११ केंद्रांत जवळपास १६०० बायकांवर हा अभ्यास झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्या. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर ‘ते इंजेक्शन माझ्यासाठी योग्य आहे का?’ असं सर्जनना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

तिसरं २०१५ चं, ३५० जणींवरचं. आजार आधीच दूर पसरला असेल तर स्तनातली गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, असं त्यातून दिसलं. ‘नाही’ असं उत्तर देणारं संशोधनही तितकंच मोलाचं असतं. त्याने कितीतरी जणींचं मोठं ऑपरेशन वाचलं.

१६. ट्रायलमध्ये नाव घातलं तर माझा उंदीर करणार का?

ट्रायल म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणारा अभ्यास; एका गटाला औषध आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणं नव्हे. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला सहसा आजचा मान्य उपचार मिळतोच. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मागा. घरी नेऊन वाचा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही सीटीआरआय या नावाने आहे. नोंदणी क्रमांक विचारा. तो नसेल तर सही करू नका.

१७. हार्मोनची गोळी पाच वर्षं झाली. डॉक्टर अजून पाच म्हणतात. खरंच गरज आहे?

टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीचा दहा वर्षांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला. पाचऐवजी दहा वर्षं घेतल्यास आजार परतण्याचं आणि त्याने दगावण्याचं प्रमाण कमी झालं. गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मात्र थोडा वाढला. फायदा किती, हे तुमचा धोका किती होता यावर ठरतं. पाळी थांबल्यावर अंगावरून लाल जायला लागलं तर लगेच दाखवा. अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, म्हणून गोळी गुपचूप बंद करणाऱ्या आमच्यात बऱ्याच आहेत. बंद करण्याआधी बोला. त्रासावर उपाय असतात, कधी गोळी बदलताही येते.

१८. माझं वय ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. मूल होईल का?

हा प्रश्न केमोच्या आधी विचारायचा असतो, कारण बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायचे तर ते तेव्हाच. लाजू नका. सासूबाई सोबत असतील तर डॉक्टरांशी एकटीने बोलायला वेळ मागा.

हार्मोनची गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये. २०२३ मध्ये ४२ वर्षांपर्यंतच्या सुमारे पाचशे जणींचा अभ्यास आला. दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन, मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत ती थांबवल्यास तेवढ्या काळात आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दीर्घ काळाचं उत्तर अजून यायचं आहे. म्हणून हा निर्णय डॉक्टरांसोबत, गोळी स्वतःहून थांबवून नाही (प्रश्न १७).

१९. आईला होता, आता मला. मुलीलाही होणार का?

‘होणारच’ असं नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणींमध्येच तो एखाद्या बिघडलेल्या जनुकातून घराण्यात उतरतो. वय लहान असेल, दोन्ही स्तनांत असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घरात बीजाशयाचा कॅन्सर असेल, तर बीआरसीए या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. हे जनुक मुलाकडेही जातं, आणि वडिलांकडूनही येतं. माहेरचा इतिहास विचारतात तसा वडिलांकडच्या आत्या-आजीचाही सांगा.

२०. हर-टूची औषधं स्वस्त झाली म्हणे?

हर-टू पॉझिटिव्ह आजारावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाची भारतीय रूपं २०१४ पासून बाजारात आहेत आणि त्यामुळे किंमत उतरली. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या नव्या औषधावरचं सीमाशुल्क २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झालं. तरीही ते फार महाग आहे. आधी आरोग्यमित्रांना विचारा (प्रश्न ९), मग रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात.

२१. माझा चौथा टप्पा आहे. ‘मी कॅन्सरला हरवलं’ म्हणणाऱ्यांत मी कुठे बसू?

मधोमध. हे वाक्य आमच्याकडे आता कुणी उच्चारत नाही, तुमच्यासारख्याच एका ताईने हात जोडून सांगितलं म्हणून. ज्यांचा आजार परतला, त्या कमी लढल्या असं नाही. तुमचे प्रश्नही वेगळे असतात: दुखणं, श्वास, मुलांना काय सांगायचं. त्यासाठी अर्धा तास वेगळं बसतो. दुखणं कमी करणारे उपचार, ज्यांना पॅलिएटिव्ह म्हणतात, ते केमोसोबत सुरुवातीपासूनच घेता येतात. ते मागणं म्हणजे हार मानणं नव्हे.

२२. माझ्या काकांना झालाय. त्यांना आणलं तर चालेल?

आणा. शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो, आणि त्याला बोलायला कुणीच नसतं.

२३. सासूबाईंना कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलं नाही. त्यांना कळू न देता तुमच्याकडे आणू का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो विचारणारे प्रेमापोटीच विचारतात. आम्ही त्यांना आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी आमचा हात धरून ‘मला काय झालंय ग?’ असं विचारलं, तर आम्ही खोटंही बोलणार नाही. हे मान्य असेल तरच आणा.

खरं सांगायचं तर त्यांना बहुधा आधीच कळलेलं असतं. केस गेलेल्या बायकांच्या रांगेत बसून कुणाला कळत नाही? तुम्हाला त्रास नको म्हणून त्या गप्प असतात, त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही. आधी तुम्ही एकट्या या. कसं बोलायचं, हे आमच्यातल्या एका सुनेकडून ऐका. तिने तिच्या सासूबाईंना रात्री पाय चेपताना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत होतं ग. तू किती दिवस एकटीनं वाहिलंस.’